जर्मनमधलं स्त्रीलिंग: 'मिट डेअर फ्राऊ' का, आणि 'डॉइचिन' का नाही?

तिखटमीठ

मंडळी, पुण्यात घरच्या घरी जर्मनचे क्लास घेते, ए-वन ते बी-वन (सुरुवातीच्या पातळ्या). हल्ली गर्दी वाढलीये, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून नर्सिंगवाले, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे सगळेच यायला लागलेत, नुसती अकरावीची पोरं राहिली नाहीत. आणि बॅच कुठलीही असो, डाटिव (आपली चतुर्थी) सुरू झाला की कुणीतरी हात वर करतंच: "मॅडम, फ्राऊ (बाई) स्त्रीलिंगी ना, मग 'मिट डेअर फ्राऊ' (बाईबरोबर) कसं? डेअर तर पुल्लिंगी."

पुस्तकात याचं उत्तर "तक्ता पाठ करा" एवढंच असतं. मला ते पुरत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय, जाणकारांनी भर घालावी.

आपल्या मराठी डोक्याला सवय अशी की विभक्ती लागली की नामाने वाकायचं. भिंत-भिंतीला, माळ-माळेला, शाळा-शाळेत, सासू-सासवांना. त्यामुळे जर्मनमध्ये चार विभक्त्या म्हटलं की पोरं फ्राऊची चार रूपं शोधायला लागतात आणि सापडत नाहीत, कारण स्त्रीलिंगी नाम एकवचनात हलतच नाही. नोमिनाटिव (प्रथमा) डी फ्राऊ, गेनिटिव (षष्ठी) डेअर फ्राऊ, डाटिव डेअर फ्राऊ, अक्कुझाटिव (द्वितीया) डी फ्राऊ, संपलं. पुल्लिंगी मान घ्या, म्हणजे पुरुष: डेअर मान, डेस मानेस, डेम मान, डेन मान. चार वेगळी आर्टिकलं (नामाआधी येणारे डेअर, डी असे शब्द) आणि षष्ठीत वर नामालाही शेपूट. म्हणजे विभक्तीच्या हिशोबात स्त्रीलिंग सगळ्यात स्वस्त, फक्त ते स्वस्त आहे हे कुणी सांगत नाही.

आता हा डेअर आला कुठून? जुन्या हाय जर्मनमध्ये, म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकात, स्त्रीलिंगी एकवचनाची आर्टिकलं चारही वेगळी होती: डिउ, डेरा, डेरु, डिआ. पुल्लिंगी कर्त्याचं होतं डेर. पुढे शब्दाच्या शेवटचे बिनआघाताचे स्वर झिजत गेले, डेराचा आ गेला, डेरुचा उ गेला, उरलं डेर. तिकडे डिउ आणि डिआ मिळून डी झाले. तेव्हा 'मिट डेअर फ्राऊ'मधला डेअर हा पुल्लिंगी डेअर नव्हेच, एका वाड्यात दोन बाळासाहेब असावेत तसा प्रकार आहे, हाक एक पण माणसं दोन.

अनेकवचनात मात्र नाम बदलतं. बहुतेकांना एन किंवा न: फ्राऊ-फ्राउएन, ब्लूमे-ब्लूमेन. काही छोट्या जुन्या शब्दांना उमलाउट (आतला स्वर बदलणं) आणि ए: हांट-हेंडे, नाख्ट-नेश्टे, श्टाट-श्टेटे. आणि नुसत्या उमलाउटवर भागवणाऱ्या स्त्रीलिंगी नामांत दोघीच, मुटर-म्यूटर आणि टोख्टर-ट्योश्टर. आई आणि मुलगी! डाटिव अनेकवचनात न लागतो, म्यूटर्न, पण फ्राउएनला आधीच न असल्याने काही करावं लागत नाही.

आता बाईचं नाम करायचा प्रत्यय 'इन'. लेअरर-लेअररिन (शिक्षक-शिक्षिका), श्टुडेंट-श्टुडेंटिन. शेवटी ए असला तर तो पडतो: बोटे-बोटिन, कुंडे-कुंडिन. उमलाउटवाले: आर्त्स्ट-एर्त्स्टिन, कोख-क्योशिन, वोल्फ-व्योल्फिन, फ्रांत्सोझे-फ्रांत्स्योझिन. पण रुसे-रुसिन, पोले-पोलिन, तिथे उमलाउट नाही, याला नियम विचारू नका, रट्टा मारा. अनेकवचनात न दुप्पट लिहायचा, लेअररिनेन, उच्चारात मात्र एकच न. जादूगार त्साउबरर, त्याची त्साउबरिन, 'त्साउबरेरिन' म्हणताना जर्मनांचीसुद्धा जीभ अडखळली असणार म्हणून एक 'एर' गिळून टाकलाय.

आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की इंडर-इंडरिन होतं, पोले-पोलिन होतं, पण खुद्द जर्मन बाईला 'डॉइचिन' म्हणायची सोय नाही. ती 'आइने डॉइचे'. कारण डॉइच हे मुळात विशेषण, ते नाम झालं तरी विशेषणासारखंच चालतं: डी डॉइचे, डाटिवमध्ये डेअर डॉइचेन. म्हणजे वर जे म्हटलं की स्त्रीलिंगी नाम हलत नाही, ते या जमातीला लागू नाही. अंगेश्टेल्टे (कर्मचारी), बेकान्टे (ओळखीची) याच जातकुळीतल्या. त्यातही सरकारी नोकर बेआम्टर हा विशेषणासारखा चालतो आणि त्याची बाई मात्र सरळ 'बेआम्टिन'. करा काय करायचं ते.

बंड्या_टवाळ

रुमाल टाकून ठेवतो, पॉपकॉर्न आणतो.

बाकी वाघ-वाघीण, पाटील-पाटलीण, कोळी-कोळीण, लेअरर-लेअररिन. म्हणजे जर्मनांनी ढापलंय आपल्याकडून हे सिद्ध झालं. आता ह.घ्या. (हलके घ्या) म्हणायच्या आत कुणीतरी व्हॉट्सॅपवर टाकेल.

काकडआरती

बंडोपंत, ढापलं नाही पण अगदीच परकंही नाही, म्हणून ह. घेता घेता थोडं गंभीर लिहितो.

स्त्रीलिंगी करायचा 'ई' हा खरोखर सामायिक वारसा आहे. संस्कृतात देव-देवी, वृक-वृकी. हाच वृकी, म्हणजे लांडगीण, जुन्या नॉर्समध्ये (नॉर्वे-आइसलँडकडची जुनी भाषा) 'युल्ग्र' म्हणून सापडतो, ध्वनी इतके बदललेत की ओळख पटत नाही पण शब्द तोच. मात्र 'न' दोन्हीकडे आपापल्या घरी चिकटलाय. आपल्याकडे हस्तिन्-हस्तिनी, तपस्विन्-तपस्विनी असे शब्द होते, त्यात न हा मूळ शब्दाचाच होता आणि प्रत्यय फक्त ई. पण ऐकणाऱ्याने 'इनी' हा अख्खाच प्रत्यय समजला आणि जिथे न नव्हता तिथेही लावला. संस्कृतात व्याघ्रची व्याघ्री, मराठीत वाघाची वाघीण. ती ईण तिथे कुठून आली, तर हत्तिणीकडून आली.

जर्मानिक भाषांतही (जर्मन, इंग्रजी, स्वीडिश वगैरेंचं घराणं) असाच न अडकलेला प्रत्यय तयार झाला. गॉथिकमध्ये, म्हणजे चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या बायबल भाषांतरात, सीरियातल्या बाईला 'सौरिनी' म्हटलंय. आता हे कुणाही मराठी माणसाला वाचून दाखवा, सौराची सौरीण म्हणेल. जुन्या हाय जर्मनमध्ये राणी 'कुनिंगिन' आणि द्वितीयेत 'कुनिंगिन्ना', म्हणजे आज एकवचनात 'इन' आणि अनेकवचनात दुप्पट न दिसतो त्यामागे ही दोन्ही जुनी रूपं आहेत. थोडक्यात आजोबा एक, पण नातवंडांनी घरं स्वतंत्र बांधली.

बंड्या_टवाळ

दंडवत घ्या काका. हत्तिणीकडून वाघीण आली हे आमच्या बायॉलॉजीच्या सरांना कळवतो.

निळासावळा

छान धागा. माझा जुनाच प्रश्न, मेडशेन म्हणजे मुलगी, ती नपुंसकलिंगी का? 'डास मेडशेन'. बाईला लिंग नाही आणि दिव्याला (डी लांपे) आहे, ही कुठली भाषा.

तिखटमीठ

@निळासावळा, 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे, तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होणारच, मग मूळ काहीही असो. मूळ शब्द माग्ट, स्त्रीलिंगी, त्याचं लाडाचं रूप मेडशेन. 'लाइन'चंही तेच, फ्राऊ-फ्रॉयलाइन, डास फ्रॉयलाइन. लग्न न झालेल्या बाईला फ्रॉयलाइन म्हणायची पद्धत होती, पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने १९७२ मध्ये सरकारी कागदपत्रांतून तो शब्द काढायला लावला, आता कुणाला चुकूनही म्हणू नका.

पण 'वाइब' म्हणजे बाई, त्याला कुठलाही प्रत्यय नाही आणि तरी नपुंसकलिंगी, तिथे हे उत्तर चालत नाही. तो शब्द आता तुच्छतेने वापरतात ते वेगळंच.

चेडू_मालवणचा

अहो त्यात नवल काय, आमच्याकडे चेडू म्हणजे मुलगी आणि ता चेडू! 'ता खंय गेला' असं घरातल्या पोरीबद्दल सर्रास म्हणतात, नपुंसकलिंगी. गोव्याच्या कोकणीतही तरुण मुलीला 'तें' म्हणतात, वय वाढलं, मान वाढला की 'ती'. घाटावरची मंडळी ऐकून हसतात पण तुमचं ते पोर, ते लेकरू काय आहे मग? त्यामुळे मला मेडशेनबद्दल कधीच अडचण आली नाही, बाकी सगळ्याबद्दल आली.

श्टुटगार्टवाला

@चेडू, हे भन्नाट आहे, कारण इकडे अगदी हाच प्रकार बोलींमध्ये आहे. ऱ्हाइनकाठच्या बोलींत आणि स्वित्झर्लंडच्या काही भागांत बाईच्या नावाला 'डास' लावतात, डास आना, आणि तिच्याबद्दल बोलताना 'एस', म्हणजे ते. लक्झेंबर्गिशमध्ये तर बायकांची पहिली नावं व्याकरणात नपुंसकलिंगीच चालतात. आणि तिथेही तुमच्यासारखंच, जवळची, घरातली असेल तर 'ते', लांबची मानाची बाई असेल तर 'ती', बऱ्याच गावांत असा भेद पाळतात.

अजून एक, 'इन' आणि आपल्या पाटलीणबाईंबद्दल. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तिने स्वतः पाटीलकी केली पाहिजे असं नाही. जर्मनमध्येही हा अर्थ होता. म्यूलरिन म्हणजे पिठाच्या चक्कीवाल्याची बायको. इतकंच काय आडनावालाही इन लागायचं: अठराव्या शतकात नाटक कंपनी चालवणारी कारोलिने नॉयबर, तिला आजही 'डी नॉयबरिन' म्हणतात. कवयित्री कार्श ही कार्शिन. नंतर आडनावाचं ते इन मागे पडलं. पण आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ अजून डॉक्टरच्या बायकोला 'फ्राऊ डॉक्टर' म्हणतात, ती बिचारी हिशोबनीस आहे.

गारगोटी

आमच्या गावात डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको की स्वतः डॉक्टर, हे दवाखान्यात जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. +१.

ओस्लोकरीण

आयडीतच ईण आहे त्यामुळे लिहिणं भाग आहे :)

जर्मनने निदान तीन लिंगं सांभाळली, इकडे उत्तरेत अर्ध्यांनी टाकून दिली. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिळून एक सामायिक लिंग झालं आणि दुसरं नपुंसक. डचमध्येही तसंच, आर्टिकल दोघांना 'डे'च, फक्त बेल्जियमकडचे लोक सर्वनाम वापरताना पुल्लिंग-स्त्रीलिंग असा फरक अजून करतात. नॉर्वेजियनमध्ये स्त्रीलिंग आहे पण बुकमोल (तिथली जास्त चालणारी लेखनभाषा) लिहिताना ऐच्छिक! 'ते पुस्तक' हे 'बोका' असंही लिहिता येतं, स्त्रीलिंगी, आणि 'बोकेन' असंही, सामायिक लिंगी. दोन्ही बरोबर. बर्गनच्या बोलीत स्त्रीलिंग नाहीच, तिथली माणसं मुलीलाही सामायिक लिंगात बोलतात. माझी नॉर्वेजियनची शिक्षिका म्हणायची की बोका म्हणालात की मोकळंढाकळं वाटतं आणि बोकेन म्हणालात की जरा इस्त्री केल्यासारखं.

याच्या उलट आइसलँडिक. तिथे काही झिजलंच नाही. तुंगा म्हणजे जीभ, एकवचनात कर्ता सोडून सगळीकडे तुंगु, अनेकवचनात तुंगुर, तुंगुर, तुंगुम, तुंग्ना. मराठी माणसाला हे बघून घरी आल्यासारखं वाटेल, नाम वाकतंय!

बाईचा व्यवसाय सांगायला स्वीडिशमध्ये दोन शेपट्या, 'इना' आणि 'स्का'. लेरारिना म्हणजे शिक्षिका, पण हा शब्द आता जुना झाला, बाई असो बुवा असो 'लेरारे'च म्हणतात. पण नर्सला शब्द 'शूकशोतेश्का', शेवटी स्का, म्हणजे घडणीने बाईचाच, आणि पुरुष नर्सचं अधिकृत पदनामही तेच आहे, कुणाला काही वाटत नाही. आणि आइसलँडमध्ये १९८० साली विग्दिस फिनबोगादोतिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांनी निवडून दिलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, त्यांचं पद 'फोर्सेती', पुल्लिंगी शब्द. तो पुल्लिंगीच राहिला.

मंजिष्ठा

नर्सचा विषय निघालाच आहे तर मी जर्मनीत नर्स आहे. आपल्याकडे सिस्टर म्हणतात तसं इकडेही 'श्वेस्टर'च, क्रांकनश्वेस्टर, आणि पुरुषाला 'क्रांकनब्रूडर' तर म्हणता येईना म्हणून तो 'क्रांकनफ्लेगर'. २०२० पासून नवीन कायद्याने पदनाम बदललं, फ्लेगेफाखफ्राऊ आणि फ्लेगेफाखमान. वॉर्डात आजी-आजोबा अजून श्वेस्टर अशीच हाक मारतात आणि आमच्याबरोबरच्या मुलालाही एक आजोबा श्वेस्टर म्हणायचे, तोही ओ देतो.

त्याहून मजेदार सुईणीचं आहे. सुईण म्हणजे हेबामे, स्त्रीलिंगी. या कामात पुरुष आले तेव्हा त्यांच्यासाठी 'एंटबिंडुंग्सफ्लेगर' असा लांबलचक शब्द काढला होता. २०२० च्या सुईणींच्या कायद्यात सरळ लिहिलं की हेबामे हे पदनाम सगळ्यांना लागू, पुरुषांनाही. त्यामुळे आता पुरुषही हेबामे. एरवी सगळीकडे उलटं चालतं म्हणून हे लक्षात राहिलं.

काकडआरती

पुरुषाचा शब्द बाईवरून बनल्याची जुनी उदाहरणंही आहेत. विटवे म्हणजे विधवा, तिच्यावरून विटवर, विधुर. आधी बाईचा शब्द, मागाहून पुरुषाचा. कारण विधवा असणं ही समाजाने नोंद घ्यायची गोष्ट, विधुर दुसरं लग्न करून मोकळा. ब्राउट म्हणजे नवरी, नवरा म्हणजे ब्रॉयटिगाम, शब्दशः नवरीचा माणूस. प्राण्यांत काट्से-काटर, गान्स-गेन्झरिश, म्हणजे मांजर आणि हंसी मूळ, बोका आणि नर हंस नंतर.

आणि इंग्रजीतही हा इन होता बरं का. जुन्या इंग्रजीत गुडेन म्हणजे देवी, आणि फॉक्सची 'फिक्सेन'. तीच आजची व्हिक्सन, दक्षिणेकडच्या बोलीतला व घेऊन आलेली, आणि त्या घराण्यातली जवळपास एकटी उरलेली. दुसरा प्रत्यय 'एस्ट्रे', त्यातून स्पिन्स्टर, मूळ अर्थ सूत कातणारी. वेब्स्टर विणणारी, बॅक्स्टर भाजणारी, पुढे ही आडनावं झाली आणि मिशावाले बॅक्स्टर फिरायला लागले. डचमध्ये हा 'स्टर' अजून जिवंत आहे, स्ख्रैफस्टर म्हणजे लेखिका.

सडेतोड

धागा माहितीपूर्ण आहे पण मूळ दुखण्याला कुणी हात घालत नाहीये. आजकाल जर्मन लोकांनी स्वतःच्या भाषेची जी वाट लावलीये, बाया-पुरुष दोन्ही यावेत म्हणून लेअरर लिहून मध्ये चांदणी (*) मग इनेन, ते काय आहे? मी बी-टू करतोय, पेपर वाचायला घेतला की चांदण्याच चांदण्या. हजार वर्षं लेअररमध्ये सगळे येत होते, आता अचानक काय झालं? फॅड आहे.

श्टुटगार्टवाला

@सडेतोड, अचानक काही झालं नाही, चाळीसेक वर्षं हे भांडण चालू आहे. आधी मोठा आय आला, शब्दाच्या मध्येच कॅपिटल अक्षर, १९८० च्या दशकात. मग खालची रेघ, मग चांदणी, मग कोलन. बोलताना चांदणीच्या जागी छोटासा थांबा घेतात, लेअरर, थांबा, इनेन. रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला निवेदकाला उचकी लागली असं वाटलं होतं.

आणि "लेअररमध्ये सगळे येतात" हेच तर कोर्टात गेलं. एका बाईंनी बँकेच्या फॉर्मवर 'कुंडे' (ग्राहक, पु.) ऐवजी 'कुंडिन' लिहा म्हणून दावा लावला, २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की तसा हक्क नाही, कुंडेमध्ये तुम्ही आलात. याच्या उलट लाइप्झिग विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्या घटनेत सगळीकडे नुसतं 'प्रोफेसरिन' लिहिलं आणि तळटीप दिली की यात पुरुषही आले. केवढा गहजब! पेपरांत 'हेर प्रोफेसरिन' (श्रीयुत प्राध्यापिका) म्हणून खिल्ली उडवली. २०२० मध्ये कायदा मंत्रालयाने दिवाळखोरीच्या कायद्याचा मसुदाच स्त्रीलिंगी रूपांत लिहिला, धनको-ऋणको सगळ्या बायका, गृहमंत्रालयाने हरकत घेतली आणि तो परत पुल्लिंगात लिहावा लागला. म्हणजे पुल्लिंगात सगळे येतात पण स्त्रीलिंगात पुरुष यायला तयार नाहीत, एवढं या दोन प्रकरणांवरून दिसलं.

बव्हेरियाने १ एप्रिल २०२४ पासून शाळा, विद्यापीठं आणि सरकारी कचेऱ्यांत चांदणी-कोलन बंद केलंय. "श्यूलरिनेन उंट श्यूलर", विद्यार्थिनी आणि विद्यार्थी असं दोन्ही लिहायला मात्र पूर्ण परवानगी आहे. त्यामुळे तुम्ही बी-टूच्या पत्रात दोन्ही लिहा, कुणी मार्क कापणार नाही.

सडेतोड

मार्कांचा प्रश्न नाही. भाषा सुटसुटीत राहिली पाहिजे. उद्या मराठीत 'शिक्षक चांदणी इका' लिहिणार का?

गारगोटी

आपण नाही का बंधू आणि भगिनींनो म्हणत? विद्यार्थी-विद्यार्थिनींनो? ते सुटसुटीत आहे का? आणि मराठीत तर उलट गोंधळ, लेखिका आणि कवयित्री म्हणायचं, पण प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा राष्ट्रपतीच राहिल्या. अध्यक्ष की अध्यक्षा यावर मात्र आमच्या महिला मंडळात दोन तट आहेत आणि चहा गार होईपर्यंत वाद होतो.

मंजिष्ठा

आमच्याकडे पूर्व जर्मनीत वाढलेल्या एक सीनियर बाई आहेत, त्या कटाक्षाने "इश बिन फाखआर्त्स्ट" (मी तज्ज्ञ डॉक्टर आहे) म्हणायच्या, आर्त्स्ट, एर्त्स्टिन नाही. तिकडे बायका सर्रास पुल्लिंगी पदनाम लावत, मी इंजिनिअर आहे, मी ट्रॅक्टर ड्रायव्हर आहे, काम तेच तर शब्दही तोच. पश्चिमेकडच्या बायकांचं म्हणणं बरोबर उलटं, वेगळा शब्द नसेल तर आम्ही दिसतच नाही. मजा म्हणजे अँगेला मेर्केल पूर्वेत वाढल्या आणि २००५ मध्ये 'बुंडेसकान्त्सलरिन' (बाई चॅन्सलर) झाल्या, जर्मन भाषेच्या संस्थेने त्या वर्षाचा शब्द म्हणून हाच निवडला. पुढची सोळा वर्षं कान्त्सलरिन ऐकून मोठी झालेली पोरं "पुरुषपण कान्त्सलरिन होऊ शकतो का" असं विचारायची हा विनोद इकडे फार चालला.

संपादक मंडळ

राजकारणाचा वास यायला लागला की धागा वाचनमात्र होतो हे सर्वांना माहीत आहे. व्याकरणावर या.

निळासावळा

येतो व्याकरणावर. म्युनिकला फ्राउएनकिर्शे नावाचं चर्च बघितलं होतं. फ्राउएन तर अनेकवचन ना, मग ते बायकांचं चर्च आहे का?

तिखटमीठ

मस्त प्रश्न. तिथे फ्राउएन एकवचन आहे! 'आमच्या प्रिय बाईंचं', म्हणजे मेरीमातेचं चर्च. ड्रेस्डेनचंही तेच.

वर मी म्हटलं की स्त्रीलिंगी नाम एकवचनात हलत नाही, ते आजच्या जर्मनचं. पूर्वी हलायचं. ओस्लोकरणींनी आइसलँडिक तुंगा दाखवलं ना, त्याचीच जर्मन बहीण त्सुंगे. जुन्या हाय जर्मनमध्ये त्सुंगा, आणि द्वितीया-षष्ठी-चतुर्थीत त्सुंगून. पुढे ते त्सुंगे, त्सुंगेन झालं. म्हणजे एन हा एकवचनातल्या विभक्तीचाही होता. नंतर बोलणाऱ्यांनी वाटणी केली, एन फक्त अनेकवचनाला ठेवला आणि एकवचन सगळं त्सुंगे. स्त्रीलिंगाची आजची सगळी व्यवस्था या वाटणीवर उभी आहे, एकवचनात शब्द स्थिर, एन दिसला की अनेक. विभक्तीचं ओझं आर्टिकलवर गेलं ते तेव्हाच पक्कं झालं.

पण जुना एन काही कोपऱ्यांत अडकून राहिला. फ्राउएनकिर्शे एक. झोनेनशाइन, सूर्यप्रकाश, सूर्य तर एकच आहे तरी झोनेन. आणि बायबलच्या प्रार्थनेतलं 'आउफ एर्डेन', पृथ्वीवर. एर्डे एकच, एर्डेन ही तिची जुनी चतुर्थी. मुलांना हे सांगितलं की एकदम डोळे मोठे होतात, तक्ता पाठ करताना होत नाहीत.

चेडू_मालवणचा

मग आर्बाइट्सत्सिमरमध्ये (कामाची खोली) एस कुठून आला? आर्बाइट स्त्रीलिंगी, षष्ठीत एस लागतच नाही म्हणालात.

तिखटमीठ

तो षष्ठीचा नाहीच आता, दोन शब्द जोडायचा डिंक झालाय. पुल्लिंगी शब्दांच्या षष्ठीतून सुटला आणि जोडशब्दांत मोकाट फिरतो, लीबेसब्रीफ (प्रेमपत्र), उनिवेर्झिटेट्सबिब्लिओटेक. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, इओन यांनी संपणारे शब्द स्त्रीलिंगी असतात हे पाठ असेलच, त्यांना जोडशब्दात जवळपास नेहमी एस लागतो. म्हणजे एस दिसला म्हणून पुल्लिंगी समजू नका.

गारगोटी

माझी भाची पुढच्या महिन्यात बी-वन देतेय, तिचं एकच विचारणं आहे. सहकाऱ्यांना ईमेल लिहिताना 'लीबे कोलेगिनेन उंट कोलेगेन' लिहायचं हे कळलं, पण वाक्यात "माझ्या सहकाऱ्यांबरोबर" आलं तर डाटिवमध्ये दोन्ही शब्दांना अजून काही लावायचं का? आणि ती म्हणते मी सिव्हिल इंजिनिअर आहे तर 'इश बिन' (मी आहे) नंतर काय लिहू?

तिखटमीठ

'मिट माइनेन कोलेगिनेन उंट कोलेगेन'. दोन्ही शब्दांच्या शेवटी न आधीच आहे त्यामुळे नामाला काही नाही, फक्त माइनेचं माइनेन. आणि 'इश बिन बाउइंजेनिअरिन', मध्ये आइने घालायचं नाही, व्यवसाय सांगताना आर्टिकल लावत नाहीत, आपली मुलं हमखास तिथे 'आइने' घालतात. इन लावायला सांगा, परीक्षक त्याचीच अपेक्षा ठेवतात. आणि हो, पत्राच्या सुरुवातीला माननीय म्हणताना 'झेअर गेएअर्टे फ्राऊ' पण 'झेअर गेएअर्टर हेर', हा टे-टर भाचीकडून लिहून लिहून पक्का करून घ्या.

गारगोटी

धन्यवाद, स्क्रीनशॉट पाठवला तिला. वाचनखूण साठवली आहे.